गिटारीचें पेडल : थोड्या खर्चांत घरीं करावयाचा एक पाठ

विद्या आणि कला ह्यांच्या मार्गांत दारिद्र्य आडवें येतें ही तक्रार जुनी आहे, आणि पुष्कळ अंशीं ती खरीही आहे. परंतु कित्येकदां आडवें येतें तें दारिद्र्य नसून, अमुक एक महाग साधन हातीं आल्यावांचून आपणांस कांहीं करितांच येणार नाहीं, ही समजूत असते. संगीताच्या तासाला हा अनुभव आम्हांस वारंवार येतो. ज्या मुलाला घरच्यांनीं मोठ्या काटकसरीनें एक साधी विजेची गिटार घेऊन दिली, तोच मुलगा सहा महिन्यांनीं ती भिंतीला टांगून ठेवितो. कारण विचारावें तर मोठ्या वादकांच्या पायांपाशीं जी रंगीबेरंगी पेट्यांची ओळ दिसते ती त्याच्यापाशीं नाहीं! अशा एकेका पेटीला कित्येक हजार रुपये पडतात. वडिलांजवळ मागावयाची लाज वाटते, आणि न मागावें तर मन खट्टू होतें. अशा मुलामुलींकरितां व त्यांच्या आईबापांकरितां आम्ही हा पाठ लिहीत आहों. ह्या पेट्यांचें मर्म काय, त्यांतील कोणती खरोखर लागते, आणि ती चारपांचशें रुपयांच्या आंत घरीं कशी करितां येते, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

सुराची वीज कशी होते ?

लांकडी गिटार आपल्या पोकळ अंगांतील हवेच्या साहाय्यानें सूर मोठा करिते. विजेच्या गिटारीची गोष्ट निराळी. तिचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें, आणि ती नुसती छेडली तर शेजारच्या खोलींतही नीट ऐकूं येत नाहीं. तिच्या तारांखालीं लोहचुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कित्येक हजार वेढे दिलेले असतात. ह्या जोडणीस पिकअप म्हणतात. पोलादी तार हालली म्हणजे तेथील चुंबकीय क्षेत्र हालतें, आणि क्षेत्र हाललें म्हणजे वेढ्यांत वीज उत्पन्न होते. गिटारीची पांचवी तार मोकळी छेडली असतां ती सेकंदास ११० वेळां कंप पावते; वेढ्यांतील वीजही सेकंदास ११० वेळां मागेंपुढें वाहते. म्हणजे सुराचें चित्रच जणूं विजेंत उमटतें. हें चित्र मात्र फार पुसट असतें. त्याचा दाब साधारणपणें एका व्होल्टाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. वर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, तें मोठें करून कर्ण्याच्या पडद्याला हालवितो, आणि मग सूर सभागृहभर ऐकूं येतो.

हालत्या चुंबकानें वीज उत्पन्न होते, हा नियम मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ सालीं शोधून काढिला. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. वयाच्या चौदाव्या वर्षीं तो लंडन येथें एका पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानीं उमेदवार राहिला, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून वाचून रसायन व वीज ह्या विषयांचा त्याला नाद लागला. पुढें त्यानें स्वतः जी पहिली विजेची घटमाला रचिली ती तांब्याचीं नाणीं, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे तुकडे ह्यांची. तो आयुष्यभर साधा, भाविक ख्रिस्ती गृहस्थ राहिला. ज्याच्या नियमावर विजेची गिटार चालते त्यानें आपल्या अभ्यासाचा आरंभ अशा घरगुती सामग्रीनें केला, ही गोष्ट पेडल करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

दोषांतून निघालेला गुण

गिटार आणि वर्धक ह्यांच्यामध्यें जी पेटी ठेवून विजेच्या त्या चित्रांत पालट करितां येतो, तिला पेडल म्हणतात. कारण दोन्ही हात वाजविण्यांत गुंतलेले असल्यामुळें तिची कळ पायानें दाबावी लागते. उपासनेंतील जुन्या पायपेटीशीं तिचें साम्य एवढेंच. तेथें पाय भात्याला वारा देतो. येथें तो केवळ विजेची वाट बदलितो.

अशा पेट्यांत फार जुनी व फार लोकप्रिय ती सूर खरखरीत करणारी. तिचा जन्म दोषांतून झाला. १९५१ सालीं अमेरिकेंतील मेंफिस शहरीं ‘रॉकेट ८८’ ह्या गाण्याचें ध्वनिमुद्रण चालू असतां गिटारीचा वर्धक नादुरुस्त होता. ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्स ह्यानें कर्ण्यांत कागद कोंबून वेळ मारून नेली, आणि जो फाटका सूर निघाला तोच लोकांस आवडला. पुढें नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स ह्याच्या १९६१ सालीं निघालेल्या एका गाण्यांत, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांतील बिघाडामुळें ग्रेडी मार्टिन ह्याचें वादन घरघरत उमटलें. अभियंता ग्लेन स्नॉडी ह्यानें त्या बिघाडाला कंटाळून यंत्र फेंकून दिलें नाहीं. त्यानें त्याचा अभ्यास केला, आणि तोच परिणाम हवा तेव्हां देणारी ट्रान्झिस्टरांची जोडणी एका सोबत्याच्या मदतीनें तयार केली. गिब्सन कंपनीनें ती १९६२ सालीं ‘मेस्ट्रो फझ-टोन’ ह्या नांवानें विक्रीस आणिली. कांहीं काळ तिचा खप अगदीं मंद होता. परंतु १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स ह्या इंग्रज मंडळीच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ ह्या गाण्यांत ती वाजली, आणि मग तिला गिऱ्हाईक आवरेना.

हा परिणाम होतो कसा ? सुराची लाट डोंगरांच्या रांगेसारखी असते. ती इतकी उंच केली कीं यंत्राच्या छताला टेंकली, म्हणजे शिखरें छाटलीं जातात व माथे सपाट होतात. माथे दोन्ही अंगांनीं सारखे सपाट झाले कीं मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पांचपट अशा वरच्या कंपांचे सूर नव्यानें उत्पन्न होतात, आणि आपणांस तो सूर भरदार व खरखरीत वाटतो. आमच्या श्रोत्यांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी लावितात, ती एकाच तारेंतून वरच्या सुरांचा झंकार उठावा म्हणूनच. मिरजेचे कारागीर हें नाजूक काम पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. तेथील सतार व तंबोरा ह्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत ह्याच घोडीच्या गुणाचा विचार आहे. साधन निराळें, रीतिही निराळी. परंतु मूळ सुराला वरच्या सुरांची जोड देणें हा हेतु दोहोंकडे सारखाच.

किती पेट्या लागतात ?

बाजारांत पेडलांचे शेंकडों प्रकार मिळतात. पण त्यांच्या कामाकडे पाहिलें तर मुख्य कुळें चारच दिसतील. पहिलें कुळ सूर मोठा किंवा खरखरीत करणाऱ्यांचें. दुसरें सुराचा रंग पालटणाऱ्यांचें. पाय मागेंपुढें करून जिच्यांतून लहान मुलाच्या रडण्यासारखा आवाज काढितात ती ‘वा-वा’ पेटी ह्यांतली. तिसरें सूर डोलविणाऱ्यांचें, जसें ट्रेमोलो व कोरस. चौथें प्रतिध्वनि देणाऱ्यांचें. ह्यांचा क्रमही साधारणपणें ठरलेला आहे : गिटारीनंतर प्रथम खरखरीत करणारी पेटी, मग डोलविणारी, शेवटीं प्रतिध्वनीची, आणि नंतर वर्धक. ह्याचें कारण उघड आहे. प्रतिध्वनि आधीं आणि खरखर नंतर ठेविली, तर मूळ सूर आणि त्याचे सगळे पडसाद एकत्र छाटले जाऊन नुसता गलबला होतो. पडसाद द्यावयाचा तो आधीं घडलेल्या सुराचा, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे क्रम पाठ करावा लागत नाहीं.

आतां नवशिक्याला ह्यांतील किती लागतात ? आमचें उत्तर : एक. ती पहिल्या कुळांतील असावी. तिच्यानें एकल वादनाच्या वेळीं सूर थोडा पुढें आणितां येतो, आणि मनांत आल्यास खरखरही देतां येते. सूर जुळविण्याकरितां वेगळी पेटी विकत घेण्याचें प्रयोजन नाहीं. घरांत कोणाचा तरी स्मार्टफोन असतो, आणि त्यावर हें काम फुकट होतें. प्रतिध्वनीचें म्हणाल तर, आमचीं बहुतेक गीतें ज्या उंच दगडी भिंतींच्या उपासनामंदिरांत वाजतात तेथें तो परमेश्वराच्या कृपेनें आधींच भरपूर आहे. वर्षभर नेमानें सराव झाल्यावर प्रतिध्वनीची एखादी पेटी जुन्या बाजारांतून घ्यावी, तोंवर नको.

साहित्य

खालील जोडणी फार जुनी, सर्वत्र प्रसिद्ध व एकाच ट्रान्झिस्टराची आहे. सुटे भाग मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत, आणि इतरत्र रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानीं मिळतात. वीज अडविणारा जो रोधक त्यास दुकानदार रेझिस्टर म्हणतो, आणि वीज सांठविणारें जें धारित्र त्यास कपॅसिटर. मागतांना तेच शब्द वापरावे.

१. ट्रान्झिस्टर, बी.सी. ५४७ : एक.
२. रेझिस्टर चार : ४७० किलोओहम (पट्टे पिवळा, जांभळा, पिवळा), ४७ किलोओहम (पिवळा, जांभळा, नारिंगी), १० किलोओहम (तपकिरी, काळा, नारिंगी), ३९० ओहम (नारिंगी, पांढरा, तपकिरी).
३. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड : दोन. ह्यांवर १०४ हा आंकडा असतो.
४. डायोड, १ एन ४१४८ : दोन.
५. आवाजाची चावी, १०० किलोओहमची : एक.
६. पाव इंची जॅक दोन : आंत येणारा स्टिरिओ, बाहेर जाणारा मोनो.
७. साधा खटका एक, व सहा पायांचा पायखटका एक.
८. ९ व्होल्टांची चौकोनी बॅटरी व तिची टोपी, भोंकें पाडलेली लहान पट्टी, थोडी वायर, आणि ॲल्युमिनियमचा एक डबा.

ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर व डायोड हे सर्व मिळून आजच्या बाजारभावानें चाळीसपन्नास रुपयांच्या पलीकडे जाऊं नयेत. खर्च होतो तो जॅक, चावी आणि पायखटका ह्यांवर. डबा घरचा असला तर एकंदर खर्च चारपांचशें रुपयांच्या आंत राहतो. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर शाळेच्या प्रयोगशाळेंतील वापरावा.

कृति

बॅटरीच्या ऋण टोंकाशीं जी तार अखेर जाऊन मिळते तिला आपण समाईक तार म्हणूं. दोन्ही जॅकांचें अंग आणि डबा हीं तिलाच जोडलेलीं असतात.

ट्रान्झिस्टराची सपाट बाजू आपणाकडे व पाय खालीं धरिले असतां डावीकडचा पाय कलेक्टर, मधला बेस व उजवीकडचा एमिटर होय. बेसपासून ४७० किलोओहमचा रेझिस्टर बॅटरीच्या धन टोंकास जोडावा, आणि ४७ किलोओहमचा समाईक तारेस. धन टोंक व कलेक्टर ह्यांमध्यें १० किलोओहमचा, आणि एमिटर व समाईक तार ह्यांमध्यें ३९० ओहमचा रेझिस्टर येतो. गिटारीकडून येणारी तार एका कपॅसिटरांतून बेसला द्यावी. दुसरा कपॅसिटर कलेक्टरापासून आवाजाच्या चावीच्या एका कडेच्या पायास जोडावा. चावीचा दुसऱ्या कडेचा पाय समाईक तारेस जातो, आणि मधल्या पायावरून सूर बाहेर पडतो.

दोन डायोड एकमेकांस उलट तोंडें करून शेजारी ठेवावे, म्हणजे एकाचा काळा पट्टा दुसऱ्याच्या पट्टा नसलेल्या टोंकाशीं येईल. ह्या जोडीचें एक टोंक समाईक तारेस आणि दुसरें साध्या खटक्यांतून, चावीच्या ज्या पायास कपॅसिटर आला आहे तेथें जोडावें. बॅटरीची तांबडी तार धन टोंकास. काळी तार मात्र थेट समाईक तारेस न जोडतां आंत येणाऱ्या स्टिरिओ जॅकच्या मधल्या कड्यास द्यावी. गिटारीची पिन आंत शिरली म्हणजे ती कडें आणि अंग ह्यांस जोडिते व वीज सुरू होते. पिन काढिली कीं बंद. म्हणून वाजविणें झाल्यावर पिन काढून ठेवावी, नाहींतर बॅटरी वायां जाते.

पायखटक्याला तीन तीन पायांच्या दोन ओळी असतात. दोन्ही ओळींचे मधले पाय दोन जॅकांच्या टोंकांस, एका बाजूची जोडी आपल्या जोडणीच्या आरंभास व शेवटास, आणि दुसऱ्या बाजूची जोडी एकमेकींस तारेनें जोडावी. मग पाय दाबला म्हणजे सूर पेटींतून जातो; पुन्हां दाबला म्हणजे पेटी टाळून सरळ वर्धकाकडे जातो. डबा धातूचा असावा, म्हणजे घरांतील विजेच्या तारांची गुणगुण आंत शिरत नाहीं. पट्टीच्या खालीं जाड पुठ्ठा घालावा, म्हणजे तिचे टांके डब्याला लागणार नाहींत.

हें सर्व कां केलें हेंही समजून घ्यावें. न समजतां केलेली नक्कल म्हणजे पाठ केलेलें, पण अर्थ न कळलेलें स्तोत्र. ४७० आणि ४७ ह्या रेझिस्टरांनीं ९ व्होल्टांची वांटणी होऊन बेसला सुमारे पाऊण व्होल्ट मिळतो. तेवढ्यानें ट्रान्झिस्टर अर्धवट जागा राहतो. १० किलोओहमला ३९० ओहमनें भागिलें तर सुमारे २५ येतात. प्रत्यक्षांत सूर वीस पटींच्या आसपास मोठा होतो. डायोडाचा खटका लाविला म्हणजे सुमारे ०.६ व्होल्टावर छत पडतें. एका व्होल्टाचा दहावा भाग वीस पट झाला म्हणजे दोन व्होल्ट; तो ह्या छताला आपटतो, आणि शिखरें छाटलीं जातात. खटका काढिला कीं छत उठतें व सूर पुष्कळच स्वच्छ होतो. ह्या जोडणीचा एक दोषही सांगून ठेवितों : ती गिटारीवर थोडा भार टाकिते, म्हणून अगदीं तार सूर किंचित् मऊ होतात. भक्तिगीतांच्या साथीला हा दोष फारसा जाणवत नाहीं.

तपासणी

गिटारीची पिन जॅकमध्यें घालून मल्टिमीटरची काळी सुई समाईक तारेस व तांबडी कलेक्टरास लावावी. ४ ते ६ व्होल्ट दिसले म्हणजे पेटी बहुतेक बरोबर झाली असें समजावें. ९ च्या जवळ आंकडा आला तर ट्रान्झिस्टर झोंपलेला आहे : त्याचे पाय उलटे लागले असतील किंवा ३९० ओहमचा टांका सुटला असेल. एक व्होल्टाच्याही खालीं आला तर ४७ किलोओहमचा रेझिस्टर पाहावा.

गेल्या वर्षीं शनिवारच्या हस्तव्यवसायाच्या तासाला नववीच्या विद्यार्थ्यांनीं अशा पांच पेट्या केल्या. तीन पहिल्याच दिवशीं वाजल्या. एकींत डब्याला टांका टेंकला होता. पांचवी एका मुलीची; ती मुकीच राहिली. इतरांनीं तिला नवा ट्रान्झिस्टर घालावयास सांगितलें. तिनें तसें न करितां मल्टिमीटर लाविला, ८.८ व्होल्ट दिसले. तिनें वही उघडून आकृतीशीं एकेक पाय ताडून पाहिला, ट्रान्झिस्टर उलटा लागल्याचें तिच्या ध्यानांत आलें, आणि तोच ट्रान्झिस्टर फिरवून बसविल्यावर पेटी बोलूं लागली. त्या दिवशीं तिनें सहा रुपयांचा भाग वांचविला हें खरें. परंतु मुक्या यंत्रापुढें न घाबरतां त्याला प्रश्न विचारावयाचे असतात, ही जी विद्या तिला मिळाली तिची किंमत रुपयांत होत नाहीं.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली विजेची. ही पेटी केवळ ९ व्होल्टांच्या बॅटरीवर चालवावी. बॅटरींतून ती एक मिलिॲम्पिअरहूनही कमी प्रवाह घेते, म्हणून एक बॅटरी कित्येक महिने पुरते. भिंतीच्या खोबणींतील वीज २३० व्होल्टांची असते. तिच्याशीं जोडलेलें कोणतेंही यंत्र मुलांनीं उघडूं नये. विशेषेंकरून काचेच्या नळ्यांचे जुने वर्धक. त्यांत कित्येकशें व्होल्ट असतात, आणि पिन काढिल्यावरही ते आंत कांहीं काळ दडून राहतात. पुढें विकतचीं पेडलें ॲडॅप्टरवर चालवाल तेव्हां धन-ऋण टोंकें आधीं ताडून पाहावीं. बहुतेक पेडलांत मधली टांचणी ऋण असते. उलट जोडणीनें यंत्र क्षणांत जळूं शकतें.

दुसरी डाखाची. सोल्डरिंग आयर्नचें टोंक तीनशें अंशांहून अधिक तापतें, आणि नेहमींच्या डाखांत शिसें असतें. खिडकी उघडी ठेवून, वडील मनुष्य जवळ असतांना काम करावें, व काम झाल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय कांहीं खाऊं नये.

तिसरी कानांची. कामगारांच्या आरोग्याकरितां अमेरिकेंतील शासकीय संस्थेनें जी मर्यादा सुचविली आहे तीप्रमाणें ८५ डेसिबल आवाजांत दिवसास ८ तासांहून अधिक राहूं नये, आणि पुढें प्रत्येक ३ डेसिबलांस हा वेळ निम्मा करावा. म्हणजे ९४ डेसिबलांस एकच तास. आपली पेटी सूर वीस पट मोठा करिते. म्हणून तिची कळ दाबण्यापूर्वीं चावी खालीं आणावी. बिघडलेली पेटी दुरुस्त होते. गेलेलें ऐकूं येणें परत येत नाहीं.

आईबापांस दोन शब्द

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. पाल्यानें पेडल मागितलें तर एकदम नाहीं म्हणूं नये, आणि हप्त्यानें कर्ज काढून आणूनही देऊं नये. त्याच्याबरोबर बसून कागदावर हिशेब मांडावा, आणि शक्य असल्यास एक रविवारची दुपार त्याच्या शेजारीं डाख धरावयास बसावें.

ह्याचें एक नामांकित उदाहरण आहे. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला आणि तेथेंच सोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नांवाचा वाद्यवृंद काढिलेला फारुख बुलसारा पुढें लंडन येथें फ्रेडी मर्क्युरी ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाला. त्याच्या ‘क्वीन’ ह्या मंडळींतील गिटारवादक ब्रायन मे ह्याला लहानपणीं हवी ती गिटार विकत घेणें घरच्यांस परवडण्याजोगें नव्हतें. तेव्हां १९६३ सालीं तो व त्याचे वडील हॅरॉल्ड घरींच गिटार करावयास बसले. मानेला लांकूड लागलें तें एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचें, स्प्रिंगा मोटारसायकलच्या एंजिनाच्या, आणि पट्टीवरील खुणांना शिंपल्याचीं बटणें. तें वाद्य पुरें व्हावयास सुमारे दोन वर्षें लागलीं. पुढें साऱ्या जगांत त्यानें तेंच वाजविलें. आणि मध्यें सोडून दिलेला खगोलशास्त्राचा प्रबंध पुरा करून २००७ सालीं डॉक्टरची पदवीही मिळविली. त्या घरांत पैसा थोडा होता, परंतु मुलाच्या शेजारीं बसणारा बाप होता.

प्रत्येक मुलगा ब्रायन मे होणार नाहीं, आणि तशी अपेक्षाही आम्ही करीत नाहीं. आमची अपेक्षा एवढीच कीं भिंतीला टांगलेली गिटार खालीं उतरावी. जी वस्तु आपण विकत घेतों तिचा उपयोग आपणांस कळतो. जी आपण करितों तिचें अंतरंग कळतें. दहा पेट्यांच्या ओळीमागें उभा राहून दोन स्वरमेळ वाजविणाऱ्यापेक्षां, एकाच डब्यावर पाय ठेवून नाताळच्या उपासनेंत चार गीतें तालासुरांत वाजविणारा विद्यार्थी आम्हांस अधिक प्रिय आहे. डब्यांतला ट्रान्झिस्टर सूर मोठा करील. सूर खरा करावयाचा तो बोटांनीं, आणि त्याला रोजच्या सरावावांचून दुसरी जोडणी नाहीं.